क्लोरल हायड्रेट: स्लाइडवरचं, सिरपमधलं आणि ताडीतलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजची सेकंड इयरची विद्यार्थिनी विचारते, "सर, फार्माकोग्नोसीच्या, म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांच्या, प्रॅक्टिकलला पानाचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, क्लिअर करायला आम्ही क्लोरल हायड्रेट वापरतो. परवा माझ्या भाच्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, होती, त्याला झोपेचं सिरप दिलं, बाटलीवर ट्रायक्लोफॉस लिहिलेलं. पप्पा म्हणाले हे ताडीत घालतात त्यातलंच. सीनियरच्या नोट्समध्ये लिहिलंय की क्लोरल हायड्रेटचं रक्तात क्लोरोफॉर्म होतं म्हणून झोप येते. हे सगळं एकच आहे का? आणि भाचा संध्याकाळपर्यंत पेंगत होता, ते नॉर्मल का?"

बघ, तू विचारलेलं सगळं एकमेकाला जोडलेलं आहे, तुझे पप्पा पण बरोबर आहेत, फक्त नोट्समधली ती क्लोरोफॉर्मची ओळ चुकीची आहे. पण ती चूक तुझ्या सीनियरची नाही, ती दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि गंमत म्हणजे त्या चुकीच्या कल्पनेमुळेच हे औषध जगाला मिळालं. त्यामुळे नुसतं "चूक आहे, खोडून टाक" असं सांगून भागणार नाही, जरा सुरुवातीपासून बघू. मी बरीच वर्षं हॉस्पिटल फार्मसीत काढली, नंतर शिकवलं, आणि या एका रेणूबद्दल मला फार बोलावंसं वाटतं कारण औषध पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं हे कळल्याशिवाय औषध कळत नाही, हे याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या औषधात दिसत नाही.

१८३२ च्या सुमाराला जर्मनीत गीसन इथं युस्टुस लीबिग नावाचा केमिस्ट अल्कोहोलमधून क्लोरीन वायू सोडून काय होतं ते बघत होता. औषधबिषध काही डोक्यात नव्हतं, क्लोरीन सेंद्रिय पदार्थांवर काय करतो एवढाच प्रश्न. त्यातून त्याला एक तेलासारखं, नाकाला झोंबणारं द्रव मिळालं, ते क्लोरल. पाण्याबरोबर त्याचे पांढरे स्फटिक झाले, ते क्लोरल हायड्रेट. आणि त्याच क्लोरलला अल्कली दाखवली तर क्लोरोफॉर्म सुटलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

लीबिगने क्लोरलचं सूत्र मांडलं ते चुकलं, त्याला त्यात हायड्रोजन सापडलाच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण क्लोरलच्या वजनात हायड्रोजन एक टक्कासुद्धा नाही, बरंचसं वजन क्लोरीननेच खाल्लेलं, आणि त्या काळात पदार्थ जाळून निघालेलं पाणी वजन करून हायड्रोजन मोजायचे. १८३४ मध्ये पॅरिसच्या ड्यूमाने ते दुरुस्त केलं. ड्यूमाला त्यातून आणखी मोठी गोष्ट दिसली, की सेंद्रिय रेणूतला हायड्रोजन काढून त्याच्या जागी क्लोरीन बसू शकतो. तू फर्स्ट इयरला सबस्टिट्यूशन रिअॅक्शन म्हणून जे शिकलीस ना, त्या विचाराच्या मुळाशी अशीच क्लोरीनची कामं आहेत.

आता रसायन. अॅसिटाल्डिहाइड डोळ्यासमोर आण, एका कार्बनवर तीन हायड्रोजन, दुसऱ्यावर अल्डिहाइड. ते तीनही हायड्रोजन काढून तीन क्लोरीन लाव, झालं क्लोरल. म्हणजे ट्रायक्लोरोअॅसिटाल्डिहाइड. ते साधारण ९८ अंशाला उकळणारं द्रव. आता तुला ऑरगॅनिकच्या मॅडमनी सांगितलं असेल की एकाच कार्बनवर दोन ओएच टिकत नाहीत, पाणी निघून जातं आणि परत कार्बोनिल होतं. नियम बरोबर आहे. क्लोरल हायड्रेट हा त्या नियमाचा सगळ्यात प्रसिद्ध अपवाद, एका कार्बनवर दोन ओएच आणि तरी पक्का कोरडा स्फटिक, ५७ अंशाच्या आसपास वितळणारा, बाटलीत भरून ठेवता येतो. का टिकतो? शेजारचे तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात, त्यामुळे कार्बोनिलचा कार्बन इतका भुकेला होतो की पाण्याचा रेणू आला की धरून ठेवतो, सोडत नाही. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं "हायड्रेट म्हणजे वॉटर ऑफ क्रिस्टलायझेशन" असं ठोकून देतात, कॉपर सल्फेटसारखं. तसं नाही. इथं पाणी रेणूतच शिरलंय, बाजूला बसलेलं नाही.

१८३२ ते १८६९, सदतीस वर्षं हा पदार्थ नुसता कपाटात पडून. मधल्या काळात १८४७ ला सिम्पसनने क्लोरोफॉर्म भूल म्हणून वापरलं आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. झोपेसाठी मात्र डॉक्टरांकडे होतं काय? अफू, मॉर्फिन, दारू, आणि १८५७ नंतर पोटॅशियम ब्रोमाइड, ते पण मुळात फिट्ससाठी आलेलं. अफूने झोप यायची पण उलटी, बद्धकोष्ठ, सवय, सगळं बरोबर घेऊन. वेड्यांच्या इस्पितळात तर रात्र काढणं म्हणजे पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला दोघांना शिक्षा.

बर्लिनमध्ये ऑस्कर लीब्राइख नावाचा फार्माकॉलॉजिस्ट होता. त्याने विचार असा केला की क्लोरलला अल्कली दाखवली की क्लोरोफॉर्म सुटतं, रक्त अल्कलाइन आहे, मग क्लोरल हायड्रेट पोटात दिलं तर रक्तात हळूहळू क्लोरोफॉर्म सुटत राहील आणि माणूस शांत झोपेल, नाकाला फडकं लावायची गरजच नाही. किती सुंदर तर्क आहे बघ. प्राण्यांना दिलं, झोपले. माणसांना दिलं, झोपले. १८६९ मध्ये त्याने ते जाहीर केलं आणि काही महिन्यांत युरोपभर क्लोरल हायड्रेट चालू झालं. बर्लिनच्या शेरिंगच्या कारखान्याने लगेच उत्पादन काढलं. पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं, झाडापाल्यातून न काढलेलं असं हे पहिलं झोपेचं औषध. त्याआधी झोप म्हणजे वनस्पती, दारू किंवा क्षार. पुढे १८७४ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये ओरे नावाच्या सर्जनने क्लोरल हायड्रेट माणसाच्या शिरेत देऊन भूल दिली, शिरेतून भूल देण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी ते एक. धोकादायक होतं, लोकांना पटलं नाही, मागे पडलं.

तर्क सुंदर, औषध काम करतंय, पण तर्क चुकीचा. क्लोरलमधून क्लोरोफॉर्म सुटायला चांगली कडक अल्कली लागते, कॉस्टिकसारखी. रक्ताचा पीएच ७.४, तेवढ्या अल्कलीने क्लोरल फुटायला लागलं तरी ते फार हळू, आणि क्लोरल त्याआधीच लिव्हरमध्ये जाऊन भलतंच काहीतरी झालेलं असतं. क्लोरोफॉर्म तयार होत असतं तर पेशंटच्या श्वासात, रक्तात ते सापडायला पाहिजे होतं, झोपेचं कारण ठरावं इतकं काही सापडेना.

मग नक्की काय होतं? याचा पहिला धागा लघवीत सापडला. १८७५ मध्ये मुस्क्युलस आणि फॉन मेरिंग या दोघांनी क्लोरल घेणाऱ्या लोकांच्या लघवीतून एक नवीन आम्ल वेगळं काढलं, त्याला युरोक्लोरॅलिक अॅसिड म्हणाले. ते आम्ल फोडलं की दोन तुकडे निघतात, एक ग्लुकुरोनिक अॅसिड आणि दुसरा ट्रायक्लोरोइथेनॉल. म्हणजे शरीराने क्लोरलला मोडलं नव्हतं, त्याच्या अल्डिहाइडचं अल्कोहोल केलं होतं, आणि मग त्याला ग्लुकुरोनिक अॅसिडची शेपटी लावून लघवीवाटे बाहेर टाकलं होतं. आज तू फेज टू मेटाबोलिझममध्ये ग्लुकुरोनायडेशन म्हणून जे पाठ करतेस त्याचं हे फार जुनं उदाहरण. आणि हे आम्ल लघवीच्या जुन्या तांब्याच्या टेस्टमध्ये, म्हणजे फेहलिंगसारख्या, साखर असल्यासारखं दाखवायचं. मधुमेह नसलेल्या माणसाच्या लघवीत साखर "सापडायची". एखाद्या औषधाने लॅबचा रिपोर्ट कसा बिघडतो ते बघायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

हा फॉन मेरिंग कोण ते पण बघ. १८८९ मध्ये मिन्कोव्स्कीबरोबर ज्याने कुत्र्याचं स्वादुपिंड काढून मधुमेह होतो हे दाखवलं, तोच. आणि १९०३ मध्ये एमिल फिशरबरोबर ज्याने बार्बिटल, म्हणजे बार्बिच्युरेटमधलं पहिलं झोपेचं औषध आणलं, तो पण हाच. क्लोरलचा त्याने लघवीत लावलेला छडा आणि पुढे क्लोरललाच बाजारातून हटवणारं औषध, दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालं, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण लघवीत ट्रायक्लोरोइथेनॉल सापडलं म्हणजे झोप त्यानेच येते हे सिद्ध होत नाही, ते नुसतं कचऱ्यातलं पण असू शकतं. ते पक्कं व्हायला १९४८ उजाडलं. अमेरिकेत बटलर नावाच्या फार्माकॉलॉजिस्टने दाखवलं की क्लोरल हायड्रेट शरीरात गेल्यावर बघता बघता ट्रायक्लोरोइथेनॉल होतं आणि झोप आणणारं खरं तेच. म्हणजे लीब्राइखच्या घोषणेनंतर एकोणऐंशी वर्षांनी. एवढा काळ जगातले डॉक्टर हे औषध देत होते आणि पुस्तकात कारण चुकीचं होतं, आणि ते तुझ्या सीनियरच्या नोट्समध्ये अजून जिवंत आहे.

आता हे कारण बरोबर कळल्याने काय फरक पडतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या भाच्याकडे येऊ.

ट्रायक्लोफॉस म्हणजे ट्रायक्लोरोइथेनॉललाच फॉस्फेट लावलेलं, सोडियम सॉल्ट करून सिरपात घातलेलं. क्लोरल हायड्रेट चवीला कडू, जळजळीत, घशाला आणि पोटाला झोंबणारं, मूल दोन चमचे घ्यायच्या आत उलटी करतं. फॉस्फेट लावलं की चव सुधारते, पोटाला कमी लागतं, आणि आत गेल्यावर आपल्या शरीरातले फॉस्फेटेज एन्झाइम तो फॉस्फेट कापून टाकतात, मागे उरतं तेच ट्रायक्लोरोइथेनॉल. म्हणजे बाटल्या दोन, पण मेंदूपर्यंत पोचणारा माल एकच. तिथं ते गाबा रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या जागेवर, काम करतं, दारू, बार्बिच्युरेट, डायझेपाम हे सगळे ज्या दारावर थाप मारतात त्याच दारावर. ईईजीला हे आवडीने देतात कारण योग्य मात्रेत मेंदूच्या लहरींचं चित्र ते फारसं बिघडवत नाही आणि फिट्सच्या खुणा पुसून टाकत नाही, डायझेपाम दिलं तर त्या खुणा दबतात.

क्लोरल हायड्रेट स्वतः रक्तात काही मिनिटंच दिसतं, पण ट्रायक्लोरोइथेनॉलचं हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण आठ ते बारा तास. सकाळी नऊला सिरप दिलं तर रात्री नऊलासुद्धा त्यातला बऱ्यापैकी भाग अंगात असतो. त्यात ईईजीसाठी आदल्या रात्री पोराला उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगतात. म्हणून भाचा संध्याकाळपर्यंत पेंगत होता यात नवल काही नाही, हाक मारल्यावर उठत होता, पाणी पीत होता, ओळखत होता, तर ठीक. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास घोरल्यासारखा किंवा थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर मात्र "औषधाची झोप आहे, झोपू दे" म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

दोन गोष्टी मी बाहेर बसलेल्या आयाबायांना कायम सांगत आलोय. पहिली, पोराने थुंकलं म्हणून आपल्या मनाने परत द्यायचं नाही. सिरप अर्धं पोटात अर्धं फ्रॉकवर असं होतं, अर्धा तास झाला तरी पोरगं जागंच, मग आजी म्हणते दे की अजून एक चमचा. त्या वेळी पहिला डोस चढायचाच असतो. परत द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तिथंच, ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावून. घरून पाजून आणायचं तर अजिबात नाही. दुसरी, घरी जाताना. आपल्याकडं गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडून माणसं पोरं घेऊन कोल्हापुरात येतात, राजारामपुरीत तपासणी झाली की लगेच मोटरसायकलवर निघतात, पोरगं दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं. झोपलेल्या लहान मुलाची मान पुढं छातीवर पडली की श्वासाची वाट दबते, आणि पुढच्या माणसाच्या पाठीला टेकलेलं तोंड कुणालाच दिसत नाही. मूल नीट जागं होऊन मान सावरायला लागेपर्यंत तिथंच थांबायचं, एसटी चुकली तर चुकू दे. आणि नंतर पण मांडीवर, तोंड दिसेल असं.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. ट्रायक्लोरोइथेनॉलला बाहेर काढायला ग्लुकुरोनिक अॅसिडची शेपटी लागते म्हणालो ना, नवजात बाळाच्या लिव्हरला ती लावायचं काम अजून जमत नसतं. मोठ्याला आठ-बारा तास लागतात तिथं नवजात बाळात हाफ लाइफ चाळीस तासांच्या आसपास जाऊ शकतं. आज दिलेलं संपायच्या आत उद्या परत दिलं की साचत जातं. त्यात काही क्लोरलचं ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड पण होतं, ते कित्येक दिवस रक्तात रेंगाळतं, अल्ब्युमिन नावाच्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतं आणि तिथल्या बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, ढकलून देतं, म्हणजे काविळीच्या बाळाला आणखी त्रास. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या मोठ्या माणसात पण हेच, वॉरफरिन अल्ब्युमिनवरून सुटतं आणि रक्त जास्त पातळ होतं. शरीरात औषधाचं जे बनतं तो मेटाबोलाइट; इथं एक मेटाबोलाइट झोपवतो, दुसरा भलतीकडे गडबड करतो, हे लक्षात ठेव, परीक्षेत नाही आलं तरी वॉर्डात उपयोगी पडेल.

ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावतोच, पण जीव बऱ्याचदा हृदयामुळे जातो. ट्रायक्लोरोइथेनॉल हृदयाच्या स्नायूला अॅड्रेनालिनच्या बाबतीत हळवं करतं, ठोके भलतेच अनियमित होतात. बीपी पडलंय म्हणून सवयीने अॅड्रेनालिन टोचलं तर आगीत तेल. इथं उलट बीटा ब्लॉकर, प्रोप्रानोलॉल किंवा एस्मोलॉल, कामाला येतात. क्लोरोफॉर्मची पण हीच खोड होती बरं का, हलक्या भुलीत अचानक हृदय थांबायचं, आणि आपल्याच देशात १८८८-८९ ला निजामाच्या पैशाने हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं ते क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय या भांडणावरच. म्हणजे लीब्राइख रसायनात चुकला तरी नातं त्याने बरोबर ओळखलं होतं, एका कार्बनवर तीन क्लोरीन असलेली ही भावकी हृदयाशी सारखीच वागते. आणखी एक, क्लोरीन जड असल्यामुळे गिळलेलं क्लोरल हायड्रेट पोटाच्या एक्सरेत दिसू शकतं, कॅज्युअल्टीत बेशुद्ध माणूस आला आणि काय घेतलंय कुणालाच माहीत नाही तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

आता पप्पांच्या ताडीकडे. ताडी म्हणजे झाडाचा रस आंबवलेला, त्यात दारूचं प्रमाण बेताचंच. झाडं कमी, पिणारे जास्त, मग पाण्यात सॅकरिन, फेस यायला काहीतरी, आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट. महाराष्ट्रात, तेलंगणात, आंध्रात अशी ताडी पकडल्याच्या, पोत्यानं पावडर जप्त झाल्याच्या बातम्या तू वाचल्या असतील. पावडर पाण्यात इतकी सहज विरघळते की आपल्या वजनापेक्षा कितीतरी कमी पाणी पुरतं, म्हणून भेसळवाल्यांना सोपं जातं. आणि दारूबरोबर ती दुप्पट घातक, त्याचं कारण पुन्हा तेच रसायन. दारू पचवताना लिव्हरमध्ये एनएडीएच नावाचा हायड्रोजन पुरवणारा रेणू भरपूर तयार होतो, क्लोरलचं ट्रायक्लोरोइथेनॉल करायला नेमकं तेच लागतं, म्हणजे झोपेचा रेणू जास्त आणि लवकर बनतो. उलट बाजूने ट्रायक्लोरोइथेनॉल दारू पचवणारं एन्झाइम अडवून धरतं, म्हणजे दारू पण रक्तात जास्त वेळ राहते. दोघं एकमेकाला धरून माणसाला खाली ओढतात.

आणि रोज अशी ताडी पिणाऱ्याचं दुःख वेगळंच. त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं की तो क्लोरलचा व्यसनी आहे, त्याला वाटतं मी ताडी पितो. धाड पडून दुकान बंद झालं की दोन-तीन दिवसांत थरथर, भास, बडबड, फिट्स, आणि घरच्यांना वाटतं याला काहीतरी झपाटलंय. असा पेशंट आला की "किती दारू पिता" एवढं विचारून थांबायचं नाही, ताडी पितो का, कुठून आणतो, कधीपासून मिळाली नाही, ते विचारायला पाहिजे. तपासायला जुनी फुजिवारा टेस्ट आहे, पिरिडीन आणि कॉस्टिकबरोबर गरम केलं की पिरिडीनच्या थरात गुलाबी-लाल रंग येतो. पण ती टेस्ट फक्त सांगते की तीन क्लोरीनवालं काहीतरी आहे, क्लोरोफॉर्मलाही तोच रंग येतो, त्यामुळे नक्की काय ते पुढं लॅबला शोधावं लागतं.

युरोपात तर हे शंभर वर्षं आधीच होऊन गेलं. औषध आल्यावर दोन-तीन वर्षांत लोक स्वतःच विकत घेऊन रोज रात्री प्यायला लागले. रोझेटी नावाचा मोठा इंग्लिश चित्रकार-कवी झोप येत नाही म्हणून क्लोरल घ्यायला लागला, कडू चव मारायला वरून व्हिस्की, आणि १८८२ मध्ये वारेपर्यंत त्यातून सुटला नाही. जॉन टिंडलची गोष्ट ऐकून तर मला दर वेळी वाईट वाटतं. हवेतले कण प्रकाश कसा विखुरतात आणि हवेतले वायू उष्णता कशी शोषतात हे ज्याने मोजून दाखवलं तो शास्त्रज्ञ, निद्रानाशाने त्रासलेला, रात्री क्लोरल आणि पोटासाठी मॅग्नेशिया घ्यायचा. डिसेंबर १८९३ मध्ये त्याची सेवा करणाऱ्या बायकोने, लुइसाने, सकाळी मॅग्नेशियाच्या ऐवजी चुकून क्लोरल ओतून दिलं. काय झालं ते दोघांनाही लगेच कळलं, डॉक्टरांनी दिवसभर प्रयत्न केले, पण तो वाचला नाही. डिस्पेन्सिंगच्या प्रॅक्टिकलला पोरं लेबल लावायचा कंटाळा करतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगायचो. बाटलीवर चिठ्ठी ठळक नसली तर जगातल्या हुशार माणसाच्या घरात पण हे होतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण कोल्हापूरची म्हणून सांगतोच. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत इतक्या मशीन शॉप आहेत, धातूच्या पार्टवरचं तेल-ग्रीस काढायला जगभर अशा ठिकाणी ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं गेलंय. ते श्वासातून आत गेलं की लिव्हरमध्ये त्याचं काय होतं? क्लोरल! आणि पुढं तेच ट्रायक्लोरोइथेनॉल, तेच ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड. टाकीवर वाकून काम करणाऱ्या कामगाराला दुपारी गुंगी येते, डोकं जड होतं, आणि संध्याकाळी थोडी घेतली की तोंड, मान लालभडक होते, याला डिग्रीझर्स फ्लश म्हणतात. हा माणूस आळशी नाही की रात्री जागलेला नाही, त्याच्या अंगात दिवसभर झोपेचं औषध बनतंय. कुणाच्या घरात असं कुणी असेल तर खेळती हवा आणि योग्य मास्कचा आग्रह धरायला सांग, साधं कापडी फडकं वाफ अडवत नाही. शिवाय ट्रायक्लोरोइथिलीन माणसात कॅन्सर करणारं म्हणून पक्कं वर्गीकृत आहे, आणि क्लोरल हायड्रेट पण आंतरराष्ट्रीय यादीत "बहुधा करणारं" या गटात आहे. एखाद्या वेळच्या तपासणीच्या डोसने घाबरायचं कारण नाही, रोजच्या संपर्काचा विचार मात्र करायला पाहिजे.

डीडीटीचं मूळ पण इथंच. १८७४ मध्ये झाइडलर नावाच्या विद्यार्थ्याने क्लोरल आणि क्लोरोबेन्झीन जोडून एक पदार्थ बनवला आणि सोडून दिला, १९३९ मध्ये पाउल म्युलरला कळलं की तो किडे मारतो. गावोगाव भिंतीवर मलेरियाची फवारणी करून तारीख टाकून जायचे ना, त्या पांढऱ्या पावडरच्या रेणूतला एक तुकडा क्लोरलचा.

बंदीबद्दल. क्लोरल हायड्रेट "औषध म्हणून" आपल्या केंद्र सरकारच्या बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत आहे. ट्रायक्लोफॉस चालतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. म्हणजे पूर्वी कंपाउंडर गोड सिरपात घालून द्यायचा ते क्लोरलचं मिक्स्चर आता मिळणार नाही. अमेरिकेत तर तयार क्लोरलचं सिरप बनवणाऱ्यांनी २०१२ मध्ये स्वतःच बंद केलं. आजकाल बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी मिडाझोलाम, डेक्समेडेटोमिडीन ही दुसरी झोपेची औषधं वापरतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की जिथं भूलतज्ज्ञ, मॉनिटर आणि ऑक्सिजन आहे तिथं ते बरं, कारण असर लवकर उतरतो. पण जिथं ईईजीच करायचाय आणि मूल सुई बघितल्यावर दवाखाना डोक्यावर घेतं, तिथं ट्रायक्लोफॉसची जागा अजून आहे, नीट वजन करून, नीट लक्ष ठेवून दिलं तर.

राहिलं तुझं स्लाइडचं काम. क्लोरल हायड्रेटचं घट्ट द्रावण पानाच्या सेक्शनमध्ये शिरतं, पेशी फुगवतं, हरितद्रव्य, प्रथिनं, रेझिन, तेल विरघळवतं आणि प्रकाश आरपार जायला लागतो. सेन्नाचं पान घे, द्रावणाचा थेंब टाक, स्पिरिट लॅम्पवर वरच्यावर गरम कर, बुडबुडे यायला लागले की बाजूला घे, थेंब कमी झाला तर परत टाक, असं दोन-तीनदा. आधी नुसता हिरवा ठिपका दिसत होता तिथं शिरेच्या कडेने कॅल्शियम ऑक्झलेटचे प्रिझम एका ओळीत उभे राहतात, बघत राहावंसं वाटतं. ऑक्झलेट त्यात विरघळत नाही म्हणून ते दिसतात. स्टार्च मात्र त्यात फुगून जातो, म्हणून स्टार्च बघायचा असेल तर वेगळा सेक्शन पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये लाव, दर वर्षी कुणीतरी क्लोरल लावून "सर स्टार्च नाहीच" म्हणून जर्नलमध्ये लिहितं. शेवटी ग्लिसरीनचा थेंब टाकायला विसरू नको, नाहीतर थंड झाल्यावर क्लोरलचेच सुयांसारखे स्फटिक जमतात आणि ते ऑक्झलेट म्हणून काढले जातात. बाटलीत तोंड घालून वास घ्यायचा नाही, गरम करताना खिडकी उघडी, हाताला लागलं तर धुवायचं, आणि बाटली वापरून झाली की लॅब असिस्टंटच्या हातात, बाकावर नाही.

नोट्समधली ओळ अशी दुरुस्त कर: "क्लोरल हायड्रेट हे प्रोड्रग (शरीरात गेल्यावर खरं औषध बनणारं), लिव्हरमध्ये अल्कोहोल डिहायड्रोजिनेजने ट्रायक्लोरोइथेनॉल होतं, तेच सक्रिय, पुढं ग्लुकुरोनाइड होऊन लघवीवाटे बाहेर, काही भाग ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड." आणि क्लोरोफॉर्मची ओळ पूर्ण खोडू नको, तिच्यापुढं "लीब्राइख, १८६९, कल्पना, नंतर खोटी ठरली" असं लिही.